सातव्या मिनिटाची घंटा

वक्तृत्व स्पर्धेची घंटा मी एकवीस वर्षं वाजवली. सहाव्या मिनिटाला एक टोला, सातव्याला दोन. दोन टोले पडले की समोरच्याचं वाक्य अर्धं राहो नाहीतर पाव, माझ्या लेखी तो संपला. मुलं मला पाठीमागे घड्याळबाई म्हणायची. ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. नगरसेवकाच्या पुतण्यालासुद्धा मी कधी एक सेकंद वाढवून दिला नाही, हे मी स्टाफरूममध्ये दर वर्षी एकदा तरी ऐकवायचे. ऐकणाऱ्यांचे कान किटले असतील, माझं तोंड दुखलं नाही.

म्हणून त्या निवड चाचणीला वेळ लावायला माझं नाव आलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. तसंही शिक्षकाला सरकार काहीही करायला लावतं. जनगणना झाली, मतदान झालं, करोनात दारोदार जाऊन लोकांच्या कपाळाशी ती बंदूक धरून ताप मोजून झाला. आता लोककलावंतांची मिनिटं मोजायची होती.

दुसरी लाट ओसरली होती, पण माणसं अजून सावरली नव्हती. लग्नं मोजक्या पाहुण्यांत उरकत होती, जत्रा बंद होत्या. ज्यांचं पोट लग्नांवर आणि जत्रांवर, त्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना दीड वर्ष कुणी दारात उभं केलं नव्हतं. अशा घरांतली पोरं एरवी कंपनीत लागून जायची, पण कंपन्यांनीही हात आखडला होता. चाकण म्हणा, महाळुंगे म्हणा, तळेगाव म्हणा, कंत्राटी पोरांना सगळीकडे ब्रेक दिला होता. ब्रेक म्हणजे घरी बसा, बोलावलं तर या. बोलावत कुणी नव्हतं. तेव्हा सरकारी खात्याकडून एक योजना आली. लोककलावंतांची पथकं निवडायची, त्यांनी वस्त्यांमध्ये आणि गावोगाव लस, स्वच्छता, रोजगाराच्या योजना असल्या विषयांवर कार्यक्रम करायचे, आणि त्याच्या बदल्यात त्यांना वर्षभर काम मिळायचं. योजना चांगली होती. मी आजही तसंच म्हणेन.

निवडीची अट साधी होती. प्रत्येक पथकाला सात मिनिटं. पहिली दोन मिनिटं आपली मूळ कला दाखवायची, उरलेल्या पाच मिनिटांत सरकारी संदेश. गुण दोन्हीला वेगवेगळे, आणि संदेश झालाच नाही तर पथक आपोआप बाद. चिंचवडच्या एका सभागृहात पाच परीक्षक ओळीनं बसले होते आणि ओळीच्या टोकाला मी, माझी पितळी घंटा आणि शाळेचं स्टॉपवॉच घेऊन. यादीत चौदा पथकं होती. तेराव्या नंबरावर आमचे बुवा होते.

आमचे म्हणजे आमच्या घरचे गोंधळी. माझ्या सासरी लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायचा आणि तो त्यांच्याच घराण्यानं घालायचा, ही जुनी रीत. माझ्या लग्नात त्यांच्या वडिलांनी घातला, तेव्हा बुवा मागे तुणतुणं धरून उभे होते. माझ्या दिराच्या लग्नात दिवटी त्यांच्या हातात आली. माझ्या मुलाचं लग्न मात्र टाळेबंदीत झालं, सोसायटीच्या गच्चीवर, तोंडाला फडकी बांधून. तेव्हा मी बुवांना फोन करून सांगितलं की जरा निवळू दे, मग गोंधळ घालू. ते म्हणाले, बरं बाई, देवी थांबंल. पुढे निवळलं, आणि मी फोन केला नाही. सून दिवसभर घरून काम करते, सोफा हलवायचा, छताला काजळी धरणार, शेजारी आवाजाची कुरकूर करणार. सबबींना काय तोटा. गोंधळ राहिला त्याची रुखरुख वाटण्याऐवजी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि याची मला आज लाज वाटते.

त्या दुपारी ते व्हरांड्यात दिसले तेव्हा मी मास्क नाकावर आणखी वर ओढला. त्यांनी ओळखायचं ते ओळखलंच. गोंधळाचा विषय मात्र काढला नाही. हात जोडले, मुलाचं लग्न सुखाचं चाललंय ना, एवढंच विचारलं. त्यांचा स्वतःचा मुलगा संबळ घेऊन मागे उभा होता. तो महाळुंग्याच्या एका कंपनीत वेल्डिंगला होता आणि आठ महिने घरी बसून होता. नावनोंदणीच्या टेबलाशी तो माझ्याजवळ हळूच बोलला.

"मॅडम, यादीत आलो तर आमी सहा माणसं वर्षभर उभी ऱ्हातो. न्हाई आलो तर आजचं हे शेवटचं. संबळ मी सोडणार हाय, गुजरातला एका कंपनीत बोलावलंय. बाबांना सांगितलं न्हाई अजून."

मी म्हणाले, वेळेत बसवा म्हणजे झालं. त्यानं मोबाइल काढून दाखवला. घरी दहा वेळा वेळ लावून तालीम केली होती. देवतांचं आवाहन दोन मिनिटांत, मग लशीवरचं त्यानं स्वतः रचलेलं कवन पाच मिनिटांत. सगळं चोख बसत होतं.

तालमीत परीक्षक नव्हते, तिथं सगळं बिनसलं.

चहाच्या वेळी बुवा एकेका परीक्षकासमोर जाऊन अदबीनं उभे राहत होते. साहेब, गाव कंचं आपलं? कुळदैवत कोणतं? एका परीक्षकबाईंना ते कौतुकाचं वाटलं, दुसऱ्या एकांनी, हा आता लोणी लावणार, अशा नजरेनं शेजाऱ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. गोंधळाची रीतच अशी आहे की ज्याच्या दारात गोंधळ, त्याचे देव बोलवावे लागतात. घरचे देव वगळून गोंधळ उभा करणं म्हणजे यजमानाचा अपमान. त्या सभागृहात बुवांच्या हिशेबी पाच यजमान होते. मला त्यांनी काही विचारलं नाही, कारण आमची देवी त्यांना पाठ होती.

त्यांचा नंबर आला. सभागृहात उघडी आग चालणार नाही, असं व्यवस्थापक म्हणाला. समितीचे अध्यक्ष समजुतीचे होते. सकाळी पाहुण्यांनी लावलेली समई चालते तर दिवटी का नाही, असं म्हणून त्यांनी परवानगी दिली. बुवांनी त्या समईवरच दिवटी पेटवली. पाटावर नवं कापड, त्यावर मूठभर तांदूळ, कलश, नारळ, असा चौक मांडला. मांडणी सातांत धरली नव्हती, संबळावर पहिली काठी पडल्यावर मी घड्याळ दाबलं.

आणि बुवा देवांना बोलावू लागले. तुळजापूरची, कोल्हापूरची, माहूरची, जेजुरीचा, एकेक नाव घ्यायचं आणि गोंधळाला ये म्हणायचं. एरवी हे सावकाश चालतं, प्रत्येक देवाला चालत यायला वेळ दिल्यासारखं. त्या दिवशी ते धापा टाकत बोलावत होते. देवांना इतक्या घाईनं बोलावलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. दोन मिनिटांनी संबळवाल्यानं ठरल्याप्रमाणे ठेका बदलला. बुवा बदलले नाहीत. त्यांनी अध्यक्षांकडे वळून त्यांच्या गावच्या भैरवनाथाला बोलावलं. अध्यक्षांनी नकळत हात जोडले. मग दुसऱ्या परीक्षकांचा देव. मग परीक्षकबाईंची कोकणातली देवी, तिच्यासाठी तर त्यांनी वेगळी चाल धरली. प्रत्येकाला एक कडवं, एक फेरी, दिवटी एकदा ओवाळणं. चौथं मिनिट गेलं. पाचवं गेलं. संबळवाल्याच्या मानेची शीर मला माझ्या खुर्चीवरून दिसत होती. तो वाजवता वाजवता दातांतल्या दातांत, बाबा, आवरा, बाबा, आवरा, असं म्हणत होता.

सहाव्या मिनिटाला मी एक टोला दिला. बुवांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं. पाचव्या परीक्षकांचा देव बोलावून झाला आणि ते ओळीच्या टोकाकडे वळले. माझ्याकडे. मावळातल्या टेकडीवरच्या आमच्या देवीचं नाव घ्यायला त्यांनी दिवटी वर केली. मी घड्याळाकडे बघितलं. मला दहा सेकंद थांबता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

मी दोन टोले दिले.

संबळवाल्यानं दोन्ही तळवे संबळावर दाबून आवाज थांबवला. माइक बंद झाला. बुवा दिवटी वर धरून तसेच उभे, तोंड उघडं. संदेशाचा एक शब्द झाला नव्हता. मग मुलानं त्यांच्या दंडाला धरून विंगेत नेलं आणि चौदाव्या पथकाची माणसं आपली सामग्री मांडू लागली.

परीक्षक आपसात कुजबुजत होते. अध्यक्ष उठून माझ्याजवळ आले, वाकून बोलले.

"बाई, मधे माइक खरखरला होता ना? तांत्रिक अडचण होती असं तुम्ही लिहिलंत, तर त्यांना शेवटी पुन्हा एकदा उभं करता येईल."

माइक खरखरला होता. दोनदा, क्षणभर. ते दुसऱ्या पथकांच्याही वेळी झालं होतं, पण खोटं नव्हतं. त्या भल्या माणसानं दार उघडून धरलं होतं, मी फक्त मान डोलवायची होती. त्या एका क्षणात माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी लपवत नाही. उद्या कुणी म्हणेल, बाईंच्या घरचा गोंधळी होता. एकवीस वर्षांचं नाव एका दुपारी जाईल. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, हे होतं की ते पुन्हा उभे राहिले तर पुन्हा माझ्याकडे वळतील.

"माइक ठीक होता, सर," मी म्हणाले. "वेळ बरोबर लावलीय."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि परत जागेवर जाऊन बसले. मी तक्त्यात लिहिलं: पथक तेरा, वेळ संपली, संदेश अपूर्ण. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं.

चौदावं पथक संपवून मी खाली आले तेव्हा पाच वाजून गेले होते. पार्किंगमध्ये जिन्याखाली बुवा दिवटी घेऊन उभे होते, अजून पेटलेली. सुरक्षारक्षक ती विझवा म्हणून मागे लागला होता. पथकाची बाकीची माणसं टेम्पोत बसली होती. मुलगा हात जोडून विनवत होता की चला आता, लोक बघतायत. बुवा हलायला तयार नव्हते. मला बघून ते पुढे आले. मला वाटलं, आता बोलतील, आणि मी ऐकून घ्यायची तयारी केली. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती.

"बाई, द्येव बोलावलेत. एवढे सगळे आलेत. आरती न्हाई झाली, पाठवणी न्हाई झाली. ह्यांना आता असं पार्किंगात टाकून कसा जाऊ?"

मी विज्ञान शिकवते. देव पार्किंगमध्ये ताटकळत नाहीत हे मी कुठल्याही वर्गात छातीठोकपणे सांगेन. पण त्या वेळी मी बुवांच्या मागे, जिन्याखाली, खरंच कुणी उभं असल्यासारखं पाहिलं. मी म्हणाले, माझ्या घरी चला. आमचा गोंधळ राहिलाय, तिथं पुरा करा. बुवांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

पेटती दिवटी टेम्पोत नेणं म्हणजे आगीशी खेळ. त्यांनी दिवटीवरून एक पणती लावली आणि दिवटी शांत केली. पणतीला आडोसा हवा होता. मी माझा जेवणाचा स्टीलचा डबा पुसून पुढे केला. त्यात पणती ठेवली आणि तो डबा मांडीवर धरून मी टेम्पोत ड्रायव्हरच्या, म्हणजे संबळवाल्याच्या, शेजारी बसले. पलीकडून बुवा, हातात तेलाची बाटली. वाटेत सुनेला फोन केला. ती म्हणाली, आत्ता? मग मागे सोफा सरकवल्याचा आवाज आला.

चिंचवड ते पिंपळे गुरव एवढा रस्ता मला कधी लांब वाटला नव्हता. कंपन्या सुटल्या होत्या, बसच्या बस सिग्नलला तुंबल्या होत्या. प्रत्येक ब्रेकला तेल हिंदकळायचं आणि ज्योत वातीला चिकटायची. नदीवरच्या पुलावर वारा आला. मी डब्यावर वाकले, ओढणी धरली, ज्योत निळी होऊन एवढीशी राहिली. बुवांनी थेंबभर तेल सोडलं. ती पुन्हा वर आली तेव्हा संबळवाल्यानं मोठा श्वास सोडला आणि मला म्हणाला, मॅडम, आमचं काय होईल? मी म्हणाले, निकाल समिती लावते. हे खरंच होतं, आणि असल्या खऱ्याचा किती उपयोग असतो ते मला त्या दिवशी कळलं.

सुनेनं चौक मांडायला जागा केली होती, व्हिडिओ बघून पाटाभोवती रांगोळीही काढली होती. माझा मुलगा कंपनीतून आल्या कपड्यानिशी तिच्याशेजारी बसला. पणतीवरून दिवटी पुन्हा पेटली. बुवांनी सुरुवातीपासून सुरू केलं नाही. जिथं घंटा झाली होती तिथूनच, आमच्या देवीच्या नावापासून, सावकाश, तिला टेकडी उतरून यायला पुरेसा वेळ देत. पुढे कथा झाली. मुलाला आणि सुनेला दिवटी धरून नाचवलं. सून, जिला मी इतके दिवस सबब म्हणून वापरलं, ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आरतीची वेळ झाली. आरतीनंतर घराला आशीर्वाद देतात. अध्यक्षांनी मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, हे आरतीच्या आधी सांगायला हवं, हे मला स्पष्ट कळत होतं. सांगायला तोंडही उघडलं. समोर मुलगा आणि सून हात जोडून बसलेले दिसले आणि मी तोंड मिटलं. मी आरतीचं ताट पुढे केलं.

बुवांनी भरभरून दिलं. घर भरलेलं राहो, जोडा सुखी राहो, पाळणा हलो, हाताला यश येवो. मग त्यांनी देवांची पाठवणी केली. तुळजापूरची तुळजापूरला, जेजुरीचा जेजुरीला, आणि त्या पाच परीक्षकांचे देव त्यांच्या त्यांच्या गावांना, एकही न विसरता. शेवटी दिवटी शांत केली आणि भिंतीला टेकून बसले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले.

तेव्हा मी सांगितलं. उभ्यानंच. साहेब पुन्हा संधी द्यायला तयार होते, माझ्या एका शब्दाचा प्रश्न होता, आणि मी नाही म्हणाले. यादीत तुमचं नाव येणार नाही.

संबळवाला संबळाची दोरी आवळत होता, त्याचे हात थांबले. सुनेनं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. बुवांनी चौकातले तांदूळ कापडात बांधले, नारळ घेतला, दक्षिणा घेतली. ती त्यांनी नाकारली असती तर मला बरं वाटलं असतं. दाराशी चपला घालताना ते थांबले.

"आरतीच्या आधी सांगायचं व्हतं, बाई."

"हो," मी म्हणाले.

"आता आशीर्वाद दिऊन झालाय. त्यो काय माघारी घ्येता येत न्हाई."

संबळ खांद्यावर टाकून मुलगा पुढे झाला आणि बुवा कठड्याला धरून त्याच्यामागे जिना उतरून गेले.